धाकूचा चाकू आणि पाच रविवार

अंधेरीच्या मेट्रो स्टेशनवर त्या शनिवारी संध्याकाळी जानकीची बॅग तपासणीच्या मशीनमध्ये गेली आणि तिथेच अडकली. मशीनपाशी बसलेल्या बाईंनी पडदा नीट न्याहाळला, मग जानकीला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मॅडम, हे काय?"

होता चाकू. तिच्या वडिलांचा. अनंतरावांना जुने खिशातले चाकू जमवायचा नाद. त्यातल्या एकाची स्प्रिंग सैल झाली म्हणून त्यांनी तो अंधेरीतल्या एका कारागिराकडे दिला होता, आणि तो आणायचं काम जानकीच्या गळ्यात पडलं होतं, कारण तिचं ऑफिस अंधेरीत. ती एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायची. सकाळी निघताना वडिलांनी तीनदा बजावलं होतं, येताना बसने ये. ती साफ विसरली.

"फळं कापायचा आहे," ती शक्य तितक्या गरीब चेहऱ्याने म्हणाली. बाई जरा निवळल्या. आता सोडणार, असं वाटलं... आणि नेमका मागच्या रांगेतून आवाज आला.

"फळं कापायचा नाहीये तो. स्टॉकमन आहे. गुरं राखणाऱ्यांचा. तीन पाती असतात त्याला."

"तीन?" बाई म्हणाल्या. त्यांना आतापर्यंत एकच दिसलं होतं.

जानकीने वळून पाहिलं. चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि कुणाला तरी मोलाची मदत केल्याचा प्रामाणिक आनंद तोंडावर ओसंडून वाहत असलेला एक तरुण. ती पुढच्या दोन मिनिटांत चाकूसकट स्टेशनबाहेर होती. जिन्याच्या पायथ्याशी तिला मागून पावलं ऐकू आली. तोच. स्वतःची रांग सोडून आला होता.

"सॉरी," तो म्हणाला. "पण तो खरंच स्टॉकमन आहे."

माफी मागायची ही कुठली तऱ्हा, हे जानकीला कळेना. तो म्हणाला, माझ्यामुळे तुम्हाला बसने जावं लागतंय, तर मीही बसनेच येतो. तिने नको म्हटलं. तो आला. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि तो शेजारच्या सीटवर बसून सांगत होता, त्याचं नाव यज्ञेश, राहायला मुलुंडला, ऑपरेशनची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत माल तपासायचं काम करतो, आणि लहानपणापासून खिशातल्या चाकूंचं वेड आहे. वेडाबद्दल तिला शंका नव्हतीच. तिने खिडकीबाहेर पाहत फक्त एकदा, तेही वैतागून, सांगितलं की असले साठ चाकू आमच्या घरी आहेत. यज्ञेश एकदम गप्प झाला. इतका गप्प, की तिनेच शेवटी मान वळवून पाहिलं, ठीक आहे ना म्हणून. मग मात्र तिला हसू आलं. एखाद्या पोराला जत्रा दिसावी तसा चेहरा झाला होता त्याचा.

घाटकोपरला उतरताना त्याने स्वतःचा नंबर तिकिटामागे लिहून दिला. फोन करायचा तिचा मुळीच विचार नव्हता. पण घरी आल्यावर तिने वडिलांना हा सगळा मनस्ताप सांगितला, आणि अनंतरावांनी त्यातलं नेमकं तेवढंच ऐकलं: चाकू बघून नाव सांगणारा माणूस. पुढच्या महिन्यात मुलुंडला जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचं प्रदर्शन होतं. त्यांनी आपले साठही चाकू तिथे मांडायचे ठरवले होते आणि निम्म्यांची नावं त्यांनाच ठाऊक नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला यज्ञेश त्यांच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत हजर होता.

कामाची वाटणी अशी ठरली: यज्ञेश ओळखणार, जानकी चिठ्ठ्या लिहिणार, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. पहिल्याच दिवशी तिने त्याच चिठ्ठ्या तीन-तीनदा लिहिल्या. एका चाकूची दोन लांब पाती पाहून ती आपणहून 'ट्रॅपर' लिहून मोकळी झाली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, ट्रॅपरची दोन्ही पाती एकाच टोकाला असतात, इथे दोन टोकांना दोन आहेत, म्हणजे हा तो नव्हे. मुठीच्या एका टोकाला धातूचा लांबलचक तुकडा असला तर बार्लो. दोन्ही टोकं होडीसारखी वर उचललेली असली तर कनू. पात्याच्या धारेची रेघ सरळ आणि पाठ खाली उतरलेली असली तर ते मेंढीच्या खुराचं पातं.

"नुसतं 'चाकू' लिहिलं तर नाही चालणार?" तिने विचारलं.

"तुमच्या चिठ्ठीवर नुसतं 'मुलगी' लिहिलं तर चालेल?"

ती पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. तो तोवर पुढच्या चाकूकडे वळलाही होता. आपण काहीतरी बोललो, याचा त्याला पत्ताच नव्हता...

दुपारपर्यंत जेमतेम बारा झाले. तिने गणित केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. हा माणूस पाच रविवार खाणार होता. आणि त्याने खाल्ले. एकेक चाकू मऊ फडक्याने पुसायचा, पाती उघडून दिव्याखाली धरायची, पातं उघडायची नखाची खाच बघायची, पात्याच्या मुळाशी झिजून गेलेली अक्षरं भिंगातून वाचायची, मग चाकू मिटवायचा आणि मिटलेलाच, मूठ पुढे करून, तिच्या हातात द्यायचा. उघडा कधीच नाही. एकदा घाईत तिनेच उघडं पातं पकडलं, तर त्याने बोलता बोलता थांबून तिची बोटं एकेक करून पात्यावरून सोडवली. जपून, जणू तीच जुनी आणि दुर्मीळ वस्तू होती. मग पुन्हा कनूबद्दल बोलू लागला. तिने ती चिठ्ठी चुकवली. त्याने ती परत लिहायला लावली.

तिसऱ्या रविवारपर्यंत तुम्हीचं तू झालं होतं. आई घावणे करताना मुद्दाम चार जास्त टाकायला लागली होती. जानकी शनिवारी केस धुवायला लागली होती, आणि स्वतःचाच राग येऊन रविवारी ते घट्ट बांधून ठेवत होती. तो मात्र चाकूंपलीकडे काही बघत होता की नाही, देव जाणे. एकदा तिने नवा निळा ड्रेस घातला, तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाहीची शिवण उसवलीये."

पाचव्या रविवारी साठ संपले आणि एकसष्टावा, शेवटचा चाकू उरला. तो अनंतरावांनी मुद्दाम मागे ठेवला होता. वेगळ्या डबीत, मखमलीवर. त्याची चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहिली होती: 'बोटीवरच्या खलाशाचा चाकू. कै. धाकू यांना बोटीच्या कप्तानाने दिलेली भेट.' धाकू म्हणजे जानकीचे आजोबा, अनंतरावांचे वडील. आजोबा बोटीवर होते, ही घरातली सर्वांत जुनी गोष्ट. चाकूला एका टोकाला छोटं पातं होतं आणि दुसऱ्या टोकाला हाडाची एक चपटी पट्टी. दोरखंडांच्या गाठी सोडवायला, असं अनंतराव सगळ्यांना सांगत.

यज्ञेशने तो हातात घेतला आणि भिंग न लावताच खाली ठेवला. घोटभर पाणी प्यायला. जानकीला तेव्हाच कळलं, की काहीतरी बिनसतंय. तिने त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याने ते पाहिलंही.

"काका," तो म्हणाला, "गाठ सोडवायला टोकदार लोखंडी टोचा लागतो. ही पट्टी हाडाची आहे, गाठीत घातली तर मोडेल. हिने झाडाची साल अलगद उचलतात. डोळा भरताना, म्हणजे सालीखाली दुसऱ्या झाडाचा कोंब बसवताना." मग आवाज आणखी खाली आणून, "हा कलमं बांधणाऱ्याचा चाकू आहे."

अनंतरावांनी डबी मिटली. कपबशा उचलून आत नेल्या, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग बाहेर येऊन शांतपणे सांगितलं की तुझे फार उपकार झाले, आता पुढचं आम्ही बघू, तू परत यायची तसदी घेऊ नकोस.

जानकी त्याच्या मागोमाग जिना उतरली. तळमजल्यावर तिने त्याला गाठलं आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. एकसष्ट चाकूंपैकी एकाला चुकीचं नाव राहिलं असतं, तर कुठं आभाळ कोसळणार होतं? एका म्हाताऱ्या माणसाची एक गोष्ट. ती तेवढी जपता आली नाही?

"त्यांनी मला खरं सांगायला बोलावलं होतं," तो म्हणाला. "त्या एकाला खोटं नाव दिलं असतं, तर बाकी साठांवर कोण विश्वास ठेवणार? तू ठेवला असतास?"

"पाच रविवार आलास आणि शेवटी ही वाट लावलीस."

"पाच लागतच नव्हते," यज्ञेश कसाबसा म्हणाला. "साठ चाकू ओळखायला मला एक दुपार पुरते."

आणि तो निघून गेला. जानकी तरातरा वर आली, भांडी घासायला घेतली, आणि तिसऱ्या पातेल्याला हात घातल्यावर त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला. पातेलं हातातच राहिलं. एक दुपार पुरते... म्हणजे बाकीचे चार रविवार? इतकं मोठं काही सांगायला या माणसाला भांडणाची वेळ सापडावी, आणि तीही जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांसमोर? तिला इतका राग आला की डोळे भरून आले.

तिने फोन मात्र केला नाही. बाबा सोमवारपासून मुकाट होते. प्रदर्शनाला जायचं नाही म्हणाले. ती एकाच घरात एका हट्टी माणसाशी बोलत नव्हती आणि मनातल्या मनात दुसऱ्या हट्टी माणसाशी दिवसभर भांडत होती. अखेर शुक्रवारी तिचा धीर संपला. ती डबी घेऊन वडिलांसमोर बसली आणि म्हणाली, बाबा, कलमं बांधणं ही काय शरमेची गोष्ट आहे का?

अनंतरावांनी डबी उघडली. "माका म्हायत होता," ते म्हणाले. रागावले किंवा हेलावले की ते मालवणीत जात.

मग त्यांनी सांगितलं. धाकू वर्षातले आठ महिने लोकांच्या बागांत कलमं बांधत फिरायचा. शाळेत पोरं विचारायची, तुझा बापूस खंय आसा? सात वर्षांच्या अनंताने ठोकून दिलं, बोटीवर. सगळ्या शाळेत भाव वधारला. आणि एक दिवस राजाराम मास्तरांनी शाळेच्या बागेतल्या लिंबांना कलमं बांधायला कुणाला बोलावलं, तर धाकूला. खिडकीतून बाप दिसला आणि अनंता बाकाखाली जाऊन बसला. मास्तरांनी धाकूला काय सांगितलं कोण जाणे. पण त्या दिवशी धाकूने पोराकडे वळूनही पाहिलं नाही. ओळखच दाखवली नाही. संध्याकाळी घरी त्याने तो चाकू पोराच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ह्यो माका कप्तानान दिल्यान. शाळेत दाखय."

"माझी लबाडी त्यानं आपल्या अंगावर घेतली," अनंतराव म्हणाले. "आणि मी साठ वर्षं ती तशीच मिरवली. त्या पोरानं एका नजरेत ओळखलं. राग त्याचा नाही आला मला..."

जानकी त्यांच्याजवळ सरकली. मग बाबांनी कोरी चिठ्ठी मागितली. आणि यज्ञेशचा नंबरही.

रविवारी मुलुंडच्या सभागृहात एकसष्ट चाकू मांडले गेले. मधोमध त्या डबीपुढे अनंतरावांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'कलमं बांधायचा चाकू. माझे वडील धाकू यांचा.' दिवसभर लोक येत राहिले आणि यज्ञेश तिथे उभा राहून प्रत्येकाला समजावत राहिला, ती हाडाची पट्टी कशी धरायची, साल कशी उचलायची. अनंतराव शेजारी खुर्ची टाकून, हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. मध्येच त्यांनी त्याच्या हातात स्वतःच्या डब्यातला लाडू ठेवला.

जानकीशी मात्र तो दिवसभर फक्त चिठ्ठ्यांबद्दल बोलला. संध्याकाळी सामान आवरून आई-बाबा रिक्षाने पुढे गेले. उरलेली रिकामी खोकी घेऊन ती दोघं सभागृहाच्या पायऱ्यांवर बसली. तो काही बोलेल म्हणून तिने वाट पाहिली. त्याने खोक्याची दोरी सोडली, परत बांधली. परत सोडली.

"यज्ञेश," ती शेवटी म्हणाली, "मला तू आवडतोस. आणि हे मला सांगावं लागतंय याचा मला भयंकर राग आलाय."

त्याच्या हातातली दोरी थांबली. कान लाल झाले. "मला वाटलं, मी सांगितलंय," तो म्हणाला. "जिन्याखाली."

"त्याला सांगणं नाही म्हणत."

"मग... आवडतेस तू मला. बसमध्येच आवडलीस. तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी उगाच बोलत होतो, तू उतरून जाऊ नयेस म्हणून."

आता कुठे बरं वाटलं. तिने विस्कटलेले केस कानामागे सारले, दिवसभर उभं राहून दुखणारे पाय लांब केले आणि जरा लाडात येऊन विचारलं, "कशी दिसतेय रे मी आत्ता?"

यज्ञेशने तिच्याकडे नीट पाहिलं. मन लावून, सगळं बघून घेत.

"दमलेली," तो म्हणाला.

जानकीने डोक्याला हात लावला. मग तोच हात खाली घेऊन तिने त्याच्या हातात दिला.