थानासिस नको म्हणाला होता

ती लाकडं पुढे सरकव, केडन, आणि फोन ठेव खिशात. इथे डोंगरात रेंज येत नाही हे कळायला तुला अजून किती वेळ लागणार? भुताची गोष्ट हवी होती ना तुम्हाला? मग ऐका. रचलेली नाही. आपल्याच मंडळीतल्या ओरिनची आहे. खाणीत आम्ही बरोबरच उतरायचो, त्यामुळे त्याने मला सांगितली.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घेतली, ती शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी आपला महिन्याचा उपासाचा रविवार. ओरिन जेवून लवकर झोपला होता. एक वाजून गेल्यावर फोन वाजला. नदीपलीकडची देस्पिना, थानासिसची बायको.

"झोपला होतास का रे ओरिन?"

"छे, छे. बोल."

"खोटारडा! अरे, उद्या थानासिसला जाऊन वर्ष होतंय. चर्चमध्ये त्याच्या नावाने शिजवलेला गहू वाटायचा, आणि आत्ता डबा उघडला तर सगळ्याला सोंडे लागलेत. तुम्हा मॉर्मनांच्या तळघरात जग बुडालं तरी पुरेल एवढा गहू असतो. एक बादली दे की."

"आलोच," ओरिन म्हणाला. बादली पिकअपमध्ये टाकली आणि निघाला.

थानासिस तुम्हाला आठवत असेल, ग्रीक चर्चमधला, आमच्याबरोबर खाणीत असायचा तो. आपली मिशनरी पोरं दाराशी गेली की आत बोलवायचा आणि आपल्याला कॉफी वर्ज्य हे माहीत असून त्यांच्यापुढे मुद्दाम तीच ठेवायचा. "प्या रे, देव बघत नाहीये. तो आमच्या चर्चमध्ये बसलाय." आणि आपण काय केलं? आधी त्याच्या घरी केक काय, ब्रेड काय, नुसती रीघ. तो काही आपल्यात येत नाही हे कळलं, आणि केक बंद. रस्त्यात दिसला तर हात हलवणंही बंद. हसू नकोस केडन, तुझ्या आजोबांसकट सगळ्यांनी हेच केलं. एकटा ओरिन त्याच्याबरोबर मासे धरायला जात राहिला.

शेवटच्या आजारात थानासिसने त्याला जवळ बोलावलं होतं. "मी गेल्यावर तुमच्या त्या मंदिरात मला बुचकळू नका. तान्हा असताना आमच्या पाद्रीबाबाने बुडवलंय, तेवढं पुरे. शब्द दे."

ओरिनने शब्द दिला.

आता तुम्हीही मंदिरात गेलायत. पांढरे कपडे घालून, कुणा ना कुणा मेलेल्या माणसाला आपल्यात आणायला त्याच्या नावाने पाण्यात बुडून, बाप्तिस्मा घेऊन आलायत. जवळच्या माणसाला आधी विचारायचं, हेही तुम्हाला शिकवलंय. ओरिनने विचारलं नाही. देस्पिना नाहीच म्हणाली असती. त्याच्या मनाने घेतलं होतं, आपण मेल्यावर पलीकडे जाऊ आणि आपला मित्रच तिथे नसेल. म्हणून ऑक्टोबरात तो गेला, थानासिसच्या नावाने बुडाला आणि आनंदाने रडत घरी आला. देस्पिनाला काही बोलला नाही. तिच्या डोळ्याला डोळा मात्र देईनासा झाला.

तर त्या रात्री तो नदीकाठच्या रस्त्याला लागला. गाडीतलं घड्याळ दोनला टेकलं आणि पुन्हा एक झालं. सरलेला तास परत सुरू. ओरिनला त्याचं जरा हसूच आलं.

वळणावर दिव्यांच्या उजेडात एक माणूस उभा होता. पांढऱ्या कपड्यांत.

त्या थंडीत... अनवाणी.

ओरिनने ब्रेक दाबला. दार उघडल्याचा आवाज आला नाही. पण सीट कुरकुरली. आणि पाणी ठिबकायला लागलं. टप... टप...

ओरिनने बाजूला पाहिलं नाही. गरज नव्हती. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. खाणीतला खोकला.

गाडी आपोआप चालू राहिली की त्यानेच चालवली, हे त्याला अजून सांगता येत नाही.

मग...

"ओरिन."

ओरिनने नजर रस्त्यावरच ठेवली.

"हे कपडे माझे नाहीत."

ओरिनने न बघताच हीटर वाढवला.

"थंडी वाजते रे."

आणि गिअरवरच्या त्याच्या उजव्या हातावर एक हात आला. गार. भिजून सुरकुतलेला. घट्ट.

"नको म्हणालो होतो..."

पुढे फक्त टप... टप... मग तेही थांबलं.

देस्पिनाच्या अंगणात गाडी उभी होती. शेजारची सीट निथळत होती. दारातल्या दिव्याखाली ती हात पुसत आली.

"एवढा वेळ? आणि तोंड असं का झालंय तुझं? आत ये. त्याच्या माणसांत तू एकटाच तर उरलायस मला."

हे ऐकलं आणि ओरिनचा धीर सुटला. बादली खाली ठेवून त्याने सगळं सांगितलं. दिलेला शब्द, मंदिर, रस्ता. खाली मान घालून सांगितलं. शरमेने मान वर होतच नव्हती.

देस्पिना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "ऑक्टोबरपासून रोज सकाळी त्याची उशी ओली असते. मला वाटायचं, झोपेत मीच रडते."

तिने बादली उचलली. "मला विचारायचं होतंस, ओरिन. नुसतं विचारायचं होतंस." आणि दार लावून घेतलं.

ओरिन दुसऱ्याच दिवशी बिशपकडे गेला. बिशप म्हणाला, घाबरू नकोस, आपण फक्त देऊ करतो, त्याला नको असेल तर तो तिकडे नाही म्हणू शकतो. खरंच आहे, आपण तसंच मानतो. मीही माझ्या वर्गात पोरांना तसंच शिकवत आलो. पण पोरांनो, तो जिवंतपणी नाही म्हणाला होता. आपल्याच एका माणसाला, तोंडावर. ते पुरलं नाही, म्हणून त्याला पुन्हा यावं लागलं, भिजलेल्या अंगाने, नदीकाठच्या रस्त्यावर. मला भुताची भीती वाटत नाही. याची लाज वाटते.

ओरिन आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. प्रभुभोजनाचं तबक आपण उजव्या हाताने घेतो. ओरिन ते न घेताच पुढे जाऊ देतो. परवा मी त्याचा तो हात धरून बघितला. डॉक्टरांची मलमं लावून झाली, तो रात्रंदिवस पुसत असतो, स्टोव्हपाशी धरून बसतो. वर्ष होत आलं.

बोटं अजून सुरकुतलेली आहेत. नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी.