उबेचं कपाट

कर्र... कर्र... माझी नात झोपेत दात खायची, तो आवाज अजून कानात आहे. सून वैतागायची. मला मात्र बरं वाटायचं. अंधारात पोर जवळ आहे, हे कळायचं.

तेव्हा मी एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचो. मुलांचे पडलेले दुधाचे दात तिथे यायचे. तिथल्या संशोधक बाई दात फोडून आतला मऊ गर काढायच्या, त्यातल्या मूळपेशी चपट्या डबीत घालून उबेच्या कपाटात वाढवायच्या. डबी भरली, की अर्ध्या पेशी दुसऱ्या डबीत.

नातीचा पुढचा दात हलू लागला, तसं मीच म्हटलं, "आमच्या बाईंना देऊ या."

"बाई त्याचं काय करणार, आजोबा?"

"पेरणार."

"मग दातांचं झाड येईल?" ती खिदळली.

दात पडला, तसा दुधात बुडवून मीच नेला.

इतर मुलांच्या पेशी काही दिवसांनी थकायच्या. नातीच्या थांबेनात. "काका, नात भारी दांडगी हो तुमची!" बाई कौतुकाने म्हणाल्या. हळूहळू सगळं कपाट तिच्याच डब्यांनी भरलं.

आणि घरी पोर वाळत चालली. खाणं नाही, हट्ट नाही. दाताची जागा रिकामी ती रिकामीच. झोपेत तोंड घट्ट मिटलेलं... आवाज नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

एका दुपारी कपाट पुसायला वाकलो. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. आणि आतून... कर्र... कर्र...

"बाई... तिच्या डब्या फेकून द्या. पाया पडतो तुमच्या."

"पंख्याचा आवाज असेल, काका. इतक्या चांगल्या पेशी कोणी फेकतं का? या, बघा."

त्यांनी दार उघडलं. आवाज थांबला. एक डबी काढून त्यांनी उजेडात धरली. तळाशी धुक्यासारखा पातळ थर, बस्स.

"आहे का काही?"

मी झाकणाकडे बोट दाखवलं. त्याची कड आतून कुरतडलेली होती. एकाच इवल्या दाताच्या खुणा... गोल फिरून, दाटीवाटीने.

बाईंनी झाकण डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी डबी होती तिथेच परत सरकवली आणि दार घट्ट लावलं.

"बाई... आणि माझी नात?"

त्यांनी हातमोजे काढले. माझ्याकडे न बघता त्या निघून गेल्या.