खिळ्यावरचा होज

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती, तर तिचा शेवट तरी मी जरा बरा केला असता.

घडली ती माझ्या थोरल्या मावशीच्या बाबतीत. ती अजून रोज व्हॅन चालवते. तो खिळाही अजून भिंतीत आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने शेडमध्ये यावं आणि पाहून जावं.

काका गेले त्यानंतरच्या पहिल्याच थंडीतली ती पहाट.

घरामागे पत्र्याची शेड आहे. एका बाजूला मावशीची व्हॅन, दुसऱ्या बाजूला तिच्या दिराचा पिकअप आणि मधे त्याचं गॅरेज. लॉन्ड्रीतून धुतलेल्या चादरी हॉस्पिटलांत पोचवायच्या, हा त्या व्हॅनचा धंदा. आधी काका चालवायचे. ते गेल्यावर स्टिअरिंग मावशीच्या हातात आलं.

काकांना एक खोड होती. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते बॉनेट उघडायचे आणि रेडिएटरचे होज दाबून बघायचे. रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी नेणारे ते जाड काळे रबरी पाईप. वर अंगठा, खाली दोन बोटं. आधी क्लिपजवळ, मग मधे, मग दुसऱ्या टोकाला.

"झाली का वैद्यबुवांची नाडीपरीक्षा?" मावशी दारातून विचारायची. "माझी कधी इतक्या मायेने विचारपूस केली नाहीत!"

"तुझं दुखलं की तू घर डोक्यावर घेतेस," काका म्हणायचे. "हा मुका जीव. बाहेरून तुकतुकीत दिसतो आणि आतून मरतो. कडक झाला तर तडकणार, मऊ पडला तर फुगणार. म्हणून थंड आहे तोवर दाबून बघ."

थंड आहे तोवर दाबून बघ. हे वाक्य त्यांनी धाकट्या भावालाही, म्हणजे मावशीच्या भाऊजींनाही, शंभरदा ऐकवलं असेल. भाऊजी हसायचे. कारण भाऊजींची रीत वेगळी होती. काढलेला होज ते कधी फेकत नसत. वरून बरा दिसला की मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे. अडीनडीला कुणाचा फाटला, की खिळ्यावरचा उतरवून लावायचा.

"अहो वहिनी, टाकून दिलं तर वस्तू. ठेवलं तर औषध!"

त्या औषधाचा गुण काकांना आला.

एके दिवशी व्हॅनचे ब्रेक खोललेले होते, म्हणून काका भाऊजींचा पिकअप घेऊन गेले. घाईत होते. दुसऱ्याच्या गाडीची नाडी काय बघायची, असंही वाटलं असेल. पाण्याच्या टाकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. त्यांनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं, वाकले... आणि होज फुटला.

खिळ्यावरचा होता तो.

उकळतं पाणी तोंडावर, गळ्यावर, छातीवर आलं. हॉस्पिटलात, स्वतःच पोचवलेल्या चादरीवर काका गेले.

सगळे म्हणाले, नशीब. भाऊजी सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

तर त्या पहाटे मावशीने व्हॅनचं बॉनेट उघडलं. होज दाबायची सवय तिला नव्हती. ती फक्त पाणी बघायची.

आणि तिला दिसलं...

धुळीने राखाडी झालेल्या खालच्या होजवर, क्लिपजवळ, काळे स्वच्छ ठसे.

वर एक. खाली दोन.

अंगठ्याचा ठसा रुंद होता आणि एका बाजूला चेपलेला. काकांचा अंगठा कधीकाळी जॅकखाली सापडून तसाच चेपला होता.

शेडला रात्रभर कुलूप होतं. किल्ली मावशीच्या कमरेला.

तिने फडक्याने होज पुसला. दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा धूळ बसली. त्याच्या पुढच्या पहाटे...

पुन्हा ठसे. तिथेच. या वेळी जास्त खोल, जणू कुणी चिडून दाबलंय.

मावशीने भाऊजींना हाक मारली. त्यांनी ठशांकडे पाहिलंही नाही. होज वरून चिमटीत धरल्यासारखा केला.

"ठणठणीत आहे. दादाच्याच हातचा आहे ना, हा बघा त्याचा पांढरा ठिपका." नवीन होज बसवला की काका त्यावर रंगाचा एक ठिपका द्यायचे.

"ठिपका असू दे. बदला."

"वहिनी, उगाच..."

"भाऊजी, बदला म्हटलं ना."

त्यांनी कुरकुरत नवा होज बसवला. जुना हातात घेऊन वळले, आणि सवयीने त्यांचा हात भिंतीकडे गेला.

"तो कापून टाका," मावशी म्हणाली.

"चांगला जिवंत होज कापू? दादा तुमच्या अंगात आलाय की काय!"

हसत हसत त्यांनी तो खिळ्याला अडकवला.

नव्या होजवर ठसे उठले नाहीत. मावशीला वाटलं, संपलं. काका ज्यासाठी आले होते, ते काम झालं.

पण शेडमध्ये एक वास येऊ लागला. रेडिएटरच्या पाण्यात घालतात त्या कूलंटचा, गोडसर आणि उग्र. गाड्या दोन्ही थंड. गळती कुठेच नाही.

आणि आवाज... टप्.

मग बराच वेळ काही नाही.

टप्.

मावशी आवाजाच्या रोखाने गेली. खिळ्यावरच्या होजमधून थेंब गळत होते. आठवडाभर कोरडा टांगलेला होज. तिने हात लावला...

गरम होता.

तिने तो ओढून काढला आणि पात्याने मधोमध कापला. आतलं रबर सडलं होतं. बोट फिरवलं तर काळे पापुद्रे हातात आले. क्लिपजवळ तर नुसती साल उरली होती, नेमकी ठशांच्या जागी. मावशी तिथेच खाली बसली. नवऱ्याने आपल्याला वाचवलं, एवढंच तिच्या मनात आलं. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर रडली. मग उठून दोन्ही तुकडे रस्त्यावरच्या कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकून आली.

दुसऱ्या पहाटे तिने शेड उघडली.

खिळ्यावर होज होता.

अखंड. कोरडा. तुकतुकीत.

त्यावर पांढरा ठिपका.

तिने भाऊजींना अंथरुणातून उठवून आणलं. झाडून सगळं सांगितलं. ठसे, थेंब, आतली साल. भाऊजी जांभई देत ऐकत होते.

"कापला होतात, तर हा कुठून आला?"

"तेच तर म्हणतेय मी! लावू नका हो याला कुठे. तुमच्या पाया पडते."

भाऊजी नजर चुकवून म्हणाले, "तुम्ही मला अजून दोष देताय, वहिनी. सरळ बोला ना. खिळ्याचं निमित्त कशाला?"

त्यातलं निम्मं खरं होतं.

तिने पुन्हा होज कापला. पुन्हा टाकून आली. खिळा उपटायला पक्कड लावली, तर पक्कड वाकली.

दोन दिवस खिळा रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशी ती फेरीवरून परतली तेव्हाही रिकामाच होता. पण पिकअप जागेवर नव्हता, आणि जमिनीवर पिकअपचा जुना, तडकलेला होज पडला होता.

मावशीने फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

टाकीच्या त्याच चढावर भाऊजी सापडले. जिवंत होते. चेहरा मात्र राहिला नाही, आणि डोळेही. पिकअपच्या फुटलेल्या होजवर पांढरा ठिपका होता.

लोक म्हणाले, नशीब.

हॉस्पिटलात पट्ट्यांच्या आतून भाऊजींनी मावशीला जवळ बोलावलं.

"वहिनी, मी बॉनेटपासून लांब उभा होतो हो. वाफ दिसत होती. मी काय वेडा आहे जवळ जायला? पण आवाज आला..."

"कुणाचा?"

"दादाचा. अगदी कानाशी. शांतपणे म्हणाला, दाबून बघ."

मावशीने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"म्हणून मी हात घातला. दादा सांगतोय म्हटल्यावर... वहिनी, तो असं का म्हणाला?"

तिने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. तिच्याच व्हॅनमधून आलेली होती ती. आणि मावशी बाहेर आली.

आज इतकी वर्षं झाली. भाऊजी अंगणात खुर्चीवर बसून असतात. मावशी त्यांना भरवते. रोज एकच प्रश्न तिला पोखरतो, आणि तो ती माझ्याखेरीज कुणाशी बोललेली नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग, "थंड आहे तोवर"... तो त्या दिवशी काका बोललेच नाहीत? की बोलले, आणि भाऊजींनी जन्मभर ऐकलं तसं अर्धंच ऐकलं?

"माझा नवरा तसा नव्हता रे," ती म्हणते. मग थांबते. "म्हणजे, जिवंत होता तेव्हा."

आता सकाळी ती स्वतः होज दाबून बघते. इंजिन रात्रभर उभं असतं, बर्फासारखं गार. धातू गार, रबर गार.

फक्त क्लिपजवळ, जिथे अंगठा ठेवायचा...

तिथे कोमट लागतं.