गुरुवारचा बिघाड

ऑक्टोबरात बर्फाची पहिली भुरभुर चालू असताना मी, मारित, नेल्स आमडालच्या दारात उभी राहिले. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावच्या टेलिफोन सहकारी संस्थेत दोनशे बारा घरांचे इंटरनेटवरचे फोन सांभाळायचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात होतं. नेल्सचा फोन बंद पडला होता. मी फोनला इंटरनेटशी जोडणारा डबा बदलला आणि नेहमीप्रमाणे बाहेर गाडीत बसून तपासणीचा फोन लावला. चार घंट्या झाल्या तरी उचलेना. खिडकीतून बघते तर... हा फोनपाशीच उभा.

आत जाऊन मी विचारलं, "उचलत का नाही?"

"ऐकत होतो," तो म्हणाला. "आई गेल्यापासून वाजलाच नव्हता."

मग कॉफी झाली, ॲपल पाय खाऊन झाला, आणि अंधार पडेपर्यंत मी तिथेच.

पुढच्या गुरुवारी फोन पुन्हा बंद. त्याच्या पुढच्याही. टेकडी चढून, मोबाइलला रेंज मिळवून तो तक्रार करायचा. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, की ऑफिसातल्या माझ्या संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक घराचा हिरवा दिवा असतो, आणि कुणी प्लग उपटला तर तेही कळतं. दर गुरुवारी बरोबर दोनला त्याचा दिवा जायचा! मी जाऊन प्लग लावायची आणि गंभीर चेहऱ्याने उगाच दोन तारा हलवायची. खोटेपणा त्याचा होता, पण गरज माझीही होती. माझी वाट बघणारं दुसरं होतं कोण?

जानेवारीत हे काम शहरातल्या एका कंपनीकडे गेलं. मला तिथे खुर्ची मिळाली. सोमवारपासून नुसता पडदा बघायचा, कुणाच्या घरी जायचं नाही. नेल्सला सांगितलं, तर तो फक्त "बरं" म्हणाला. तेवढंच. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

शेवटचा गुरुवार. दोन वाजले... अडीच... तीन. दिवा हिरवाच. चांगला चालणारा फोन बघून मला इतकं रडू कधी आलं नव्हतं. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि त्याचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"आज बिघाड नाही वाटतं?"

"नाही."

"दर गुरुवारी प्लग काढता, ते दिसायचं मला इथे."

 तो हळूच म्हणाला, "तरी येत होतीस?"

"आधी तुम्ही सांगा — आज का नाही काढला?"

"काढला असता, तर तुझा फोन कसा लागला असता, मारित? सकाळपासून इथेच बसलोय..."

मी डोळे पुसले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

"कॉफी ठेव," मी म्हटलं. "आणि नव्या साहेबाकडे गुरुवारची सुटी मागणार आहे मी. दर गुरुवारची."