खूण करून सोडलेले

बारावीच्या प्रॅक्टिकलला सोळा दिवस उरले होते आणि माझा प्रकल्प अजून बाकी होता. जीवशास्त्राच्या विनोद सरांनी प्रत्येकाला आपल्या गावातल्या एका जीवाची संख्या काढून आणायला सांगितली होती. कोणी धानाच्या बांधीतलं गवत मोजलं, कोणी बगळे. आम्ही ढिवर, पिढीजात मासे धरणारे, सावली तालुक्यातले. घरामागेच तलाव. मी मासे घेतले.

पद्धत सोपी होती. चाळीस मासे धरायचे, प्रत्येकाच्या शेपटीला बारीकसा काप द्यायचा आणि सोडून द्यायचे. आठ दिवसांनी परत जाळं टाकायचं. त्यात कापवाले किती येतात, त्यावरून अख्ख्या तलावातले मासे गणिताने निघतात. माझे बाबा, केवळराम, आधी नुसते हसले. पण चाळीस मासे त्यांनीच धरून दिले आणि काप देताना मासा निसटायला लागला तेव्हा तोही त्यांनीच दाबून धरला.

ही पद्धत ज्यात होती ते जीवशास्त्राचं पुस्तक माझं नव्हतं, जयाचं होतं. जया माझी चुलत बहीण. दोन वर्षांपूर्वी तीही बारावीत होती. दिवाळीच्या आधी एका सकाळी लहानसा डोंगा वल्हवत तलावात शिंगाडे काढायला गेली. डोंगा सापडला, ती सापडली नाही. तीन दिवस माणसांनी तलाव पिंजून काढला. तिच्या आईने, प्रेमिलाकाकीने, तेरवी करू दिली नाही.

"अंग सापडलं नाई," ती एवढंच म्हणाली, "मंग तेरवी कोनाची?"

मी दुपारी काकीच्याच ओसरीवर अभ्यासाला बसायची. तिथे शांत असायचं. काकी राख लावून मासे कापायची, मी मोठ्याने पाठ करायची. माशाच्या हृदयाला कप्पे दोन, माणसाच्या हृदयाला चार. काकी विळ्याच्या टोकावर तो लाल मणी काढून माझ्यापुढे धरायची. "घे, मोज."

एकदा तिने मान वर न करता विचारलं, "श्वास बंद झाल्यावर मानूस किती वेळ राह्यते म्हनते पुस्तक?"

मला माहीत होतं. चार-पाच मिनिटं. मी म्हटलं, "तो धडा नाई झाला अजून."

काकीने मान हलवली. पुढे लोकसंख्येचा धडा आला. संख्या चार कारणांनी बदलते: जन्म, मृत्यू, आत येणं, बाहेर जाणं. मी दोनदा वाचलं. काकीचा विळा थांबला.

"जया कोनत्यात लिवाची?"

मी पान उलटलं. त्या पानावर काय होतं, ते आजही आठवत नाही.

आठव्या दिवशी सूर्य उगवल्यावर आम्ही तलावात उतरलो. पाण्यावर धुकं होतं. कुजलेल्या शिंगाड्याच्या वेलीचा वास येत होता. बाबा जाळं फेकत होते, मी कमरेएवढ्या पाण्यात टोपली धरून उभी होते. एकतीस मासे आले. दोघांच्या शेपटीला माझा काप होता.

आणि सहा माशांना दोरा बांधलेला होता.

शेपटीच्या अलीकडे, जिथे अंग बारीक होतं तिथे निळा नायलॉनचा दोरा. जाळं विणायचा असतो तोच. नवा कोरा, त्याच्यावर शेवाळाचा कणही नाही. बाबांनी एक मासा उलटा करून गाठ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"गाठ उलटी हाय," ते हळूच म्हणाले. "डाव्या हातानं मारलेली..."

आमच्या घरात डावखुरी एकच होती.

बाबांनी ते सहा मासे स्वतः, एकेक करून, पाण्यात सोडले. "हे वहीत लिवू नको," म्हणाले. मी मान हलवली. पाणी एकदम गार लागायला लागलं. तलावात आमच्याशिवाय आणखी कोणीतरी मोजत होतं... आणि त्याचेही आठ दिवस चालू असतील, एवढंच डोक्यात येत होतं.

काठावर काकी उभी होती. ती रोजच यायची. माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते, म्हणून तिने लोट्याने पाणी ओतायला घेतलं. उजव्या पायावर ओतलं. डाव्या पायावर ओतलं आणि लोटा खाली ठेवला.

माझ्या डाव्या घोट्यावर निळा दोरा होता.

मला काहीच जाणवलं नव्हतं. ना हात, ना ओढ. काकी खाली बसली. तिने बोटाने गाठ चाचपली. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती रडली नाही. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"तुले बांधला... मी दोन वर्षं झाले रोज उतरून राह्यली पान्यात. मले काऊन नाई बांधत?"

बाबांनी तोंड फिरवलं. जाळं उगाचच झटकत राहिले.

"पुनम," काकी म्हणाली, "खूण करून सोडलेल्याचं पुढं काय करतेत?"

उत्तर मला पाठ होतं. दुसऱ्यांदा धरतात. पण मी म्हटलं, "मोजतेत काकी. फक्त मोजतेत."

तिने घरी नेऊन विळ्याने दोरा कापला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

वहीत मी सहाशे वीस मासे लिहिले. सरांनी पूर्ण गुण दिले. त्या दिवसापासून मी तलावात पाऊल टाकलेलं नाही. मी नर्सिंगला वडसाला आले. काकी मात्र अजून रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहते. बाबा तिला हाका मारत नाहीत. काठावर बसून राहतात.

दोरा माझ्या पायात फार तर तासभर होता. पण तो काढल्यावर खालची कातडी पांढरी निघाली. वर्षानुवर्षं पैंजण घातलेल्या बाईच्या घोट्यावर असते तशी, ऊन न लागलेली. दोन उन्हाळे गेले, सुट्टीत घरी येऊन मी अनवाणी उन्हाळी धान कापलं, पाय काळे पडले.

तेवढं कडं अजून पांढरंच आहे.