शून्याच्या खड्ड्यातून आलेली ओळ

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो विशाल माझा सख्खा मावसभाऊ. तो भित्रा नाही. खोटारडा मात्र आहे, ते पुढे कळेलच.

दोन वर्षांपूर्वीची नारळी पौर्णिमा. पेणमधलं एक छोटं ऑफिस. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारचे साडेबारा वाजले होते.

आधी थोडं मागचं सांगतो.

धरमतर खाडीच्या एका बांधावर, भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या दारापाशी, विशालच्या ऑफिसने पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवलं होतं. पेणच्या कॉम्प्युटरवर विशालने लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालायची. दर दहा मिनिटांनी ती यंत्राकडून आकडा घ्यायची आणि बांधाचा राखणदार जनूच्या मोबाईलवर मेसेज टाकायची. ‘ठीक’, नाहीतर ‘धोका’.

ऑफिसातली त्याची सीनियर किमया शिस्तीची. तिने नियम छापून भिंतीवर लावले होते. पहिलाच नियम असा, की चूक झाली तर स्क्रिप्टने तिथल्या तिथे थांबायचं आणि ओरडायचं. चूक कधीच गिळायची नाही.

पण यंत्राचं नेटवर्क सारखं जायचं. स्क्रिप्ट थांबायची आणि विशालचा फोन वाजायचा. जेवताना, झोपेत, क्रिकेट बघताना. तो वैतागला.

एक दिवस त्याने गुपचूप दोन ओळी बदलल्या. आकडा आला नाही, तर मागचाच आकडा धरायचा. आणि चूक झाल्याचा संदेश ‘डेव्ह नल’मध्ये टाकायचा.

डेव्ह नल म्हणजे कॉम्प्युटरमधला शून्याचा खड्डा. त्यात टाकलेलं कायमचं नाहीसं होतं. कधीही उघडा, रिकामाच असतो.

फोन वाजायचा बंद झाला. विशाल खूश.

मग आली आषाढातली अमावास्या. गटारी. उधाणाची भरती होती. यंत्रात गाळ बसला आणि आकडा येईना. स्क्रिप्ट मात्र मागचा आकडा धरून दर दहा मिनिटांनी सांगत राहिली... ठीक. ठीक. ठीक.

जनूने फोन केला. “विशालदादा, बांधाला भोक पडलाय, बुजवाय पायजे. मेसेज ठीक सांगतो, पन मना पानी चढलेला वाटतो. उतरू का खाली?”

विशालच्या ताटात मटण होतं. त्याने आकडा तपासलाही नाही.

“काका, मशीन खोटं बोलतं का? उतरा.”

दहा मिनिटांत बांधाला खांड गेली, भगदाडातून खाडी आत घुसली. जनू दुसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत सापडला. मोबाईल सापडलाच नाही.

चौकशी लागली. विशालने त्या दोन ओळी पुसल्या आणि अहवालात लिहिलं, धोक्याचा मेसेज गेला होता, राखणदार प्यायलेला होता. जनूने चार वर्षांपूर्वीच दारू सोडली होती. पण गटारीचा दिवस... लोकांना पटलं. मेलेल्या माणसावर असं किटाळ आणणाऱ्याला काय म्हणावं, तुम्हीच ठरवा.

आता नारळी पौर्णिमा.

किमया जेवायला गेली होती. विशाल एकटाच होता. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते.

अचानक ते थांबले. पंख्याचाही आवाज येईना. पंखा फिरत होता...

स्क्रिप्ट थांबली. स्क्रीनवर चूक झाल्याची ओळ आली.

‘पानी चढतो.’

विशालला वाटलं, कुणीतरी मस्करी करतंय. त्याने जुनी युक्ती केली. चुकांचे संदेश डेव्ह नलमध्ये वळवले.

स्क्रीन साफ झाली.

दहा मिनिटं गेली. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने तो शून्याचा खड्डाच उघडून पाहिला.

तो रिकामा नव्हता...

ओळींवर ओळी. प्रत्येकीपुढे तारीख गटारीची. वेळ भरतीची.

‘पानी गुडघ्याला.’

‘पानी छातीला.’

‘दादा, मेसेज ठीक सांगतो.’

विशालने वायर उपटली. ओळी येतच राहिल्या. त्याने कीबोर्ड उचलला, तर त्यातून पाणी गळलं. खारट वासाचं, गाळाचं पाणी.

दारात किमया उभी होती. तिने स्क्रीन वाचली.

“तू चूक गिळायला लावलीस ना?”

 विशाल सगळं बोलला.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला जनूच्या घरी नेलं. जनूची बायको चंद्रावती ओटीवर तांदूळ निवडत होती. विशालने तिचे पाय धरले. ती दचकली नाही.

“आलास? मी वाट बघत व्हते.”

“काकी...”

“दहाव्याला पिंडाला कावला शिवत नव्हता. लोक बोलले, दर्भाचा कावला करून शिवव. मी करू दिला नाय. मीच घरधन्यांना सांगितला, जाव नका. ज्यानी तुमाला दारुडा केला, त्याच्या तोंडून खरा वदवा, मगच जा.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“आता गावासमोर बोल.”

विशाल त्याच संध्याकाळी देवळापुढे बोलला. लोक थुंकले. पोलिसांत जबाब झाला, केस उभी राहिली, नोकरी गेली. जनूच्या नावावरचा डाग पुसला गेला. त्याला वाटलं, सुटलो.

पुढच्या अमावास्येला दुपारी चंद्रावतीचा फोन आला. पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता.

“विशाल, मी दर्भाचा कावला केला. पिंडाला शिववला. हात जोडून सांगितला, झाला आता, जा. वाट मोकली हाय.”

“मग?”

“नाय जात रे ते. माझा पन ऐकत नाय. उंबऱ्यात हुभे हायत, अंगावरना पानी गलतो. एकच इचारतात... कुनाच्या भरवशावर जाऊ?”

मागे जनू विशालच्या ‘उतरा’च्या भरवशावरच उतरला होता. 

दर उधाणाला, भर दुपारी, तिचा फोन येतो.  ती फोन फक्त उंबऱ्याकडे धरते.