प्लॅटफॉर्म एकच होता

उल्हासकाकांनी टीव्ही बंद केला आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. "ऐकीव नाही सांगत. गिरीश माझ्या मित्राचा मुलगा. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होता." समोर बसलेली त्यांची पुतवंडं, इशिता आणि परीक्षित, पुढे सरकली.

गेल्या संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. गिरीशचा धाकटा भाऊ सिद्धेश न्यू जर्सीहून ट्रेनने यायचा होता. त्याची नोकरी गेली होती, दिवसभर खोलीत एकटाच पडून असायचा. "ये रे, चार दिवस राहा," म्हणून गिरीशनेच बोलावलं होतं. त्याला आणायला तो ड्राइव्ह करत डोंगरापलीकडच्या स्टेशनवर गेला. स्टेशन कसलं, एक कुलूपबंद खोली, एक प्लॅटफॉर्म, एक दिवा. माणूस नाही काणूस नाही. बर्फामुळे गाडी लेट. अंधार पडल्यावर आली, थांबली, निघून गेली. कोणीच उतरलेलं दिसलं नाही.

फोन वाजला.

"दादा, उतरलो. कुठेयस?"

"प्लॅटफॉर्मवर! तू झोपलास का? पुढे गेलास?"

"नाही यार, इथेच आहे. दिव्याखाली."

गिरीशने वर पाहिलं. दिवा त्याच्याच डोक्यावर होता.

"सिद्धू, चेष्टा पुरे."

"दादा, खूप थंडी आहे रे..."

गिरीश घाबरला. जीव खाऊन ओरडला, "सिद्धेश!"

फोनमधून त्याला स्वतःचीच हाक ऐकू आली. अगदी जवळून.

"ओरडतोस काय? बघ ना माझ्याकडे... दादा, बघत का नाहीस?"

मग नुसता श्वास...

मग तोही नाही.

पोलीस आले. गाडीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "निळ्या जॅकेटातला मुलगा ना? तिथेच उतरला. मीच दार उघडलं." जवळची नदी शोधली, डोंगर शोधला. सिद्धेश सापडला नाही. गिरीशने पीएचडी सोडली. आता त्या स्टेशनजवळच्या गावात खोली घेऊन राहतो आणि गाडीच्या वेळेला प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहतो. आई नागपूरहून फोन करते. तो उचलत नाही. काय सांगणार?

"काका, मे बी तो स्वतःच कुठे निघून गेला असेल," इशिता हळूच म्हणाली.

काकांनी पाय खाली सोडले.

"पोलिसांनी टॉर्च मारला होता. ताज्या बर्फात गिरीशच्या बुटांचे ठसे होते. आणि समोर... बुटाला बूट भिडवून... दुसरे ठसे. रुळांकडून सरळ त्याच्यापर्यंत आलेले."

"आणि परत?" परीक्षितने विचारलं.

"परत गेलेले... नव्हते."